टॅनरच्या ओढ्यावरचा हुकूम

ॲल्बनी, ११ मे १८८६

प्रिय हिटी,

तुझं पत्र आणि मॅपलच्या साखरेच्या वड्या दोन्ही नीट पोचली. दोन वड्या वाटेत फुटल्या होत्या, त्या मी उभ्याउभ्याच खाल्ल्या. पुढचा अर्धा तास आपल्या परसातल्या कढईचा वास नाकातून जाईना. इकडे सगळं नेहमीसारखं आहे. ऑरिनचा गुडघा थंडीत फार त्रास देतो, पण जेवण व्यवस्थित आहे, झोप तर माझ्यापेक्षा चांगली आहे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी जुन्या सैनिकांची मंडळी, संध्याकाळी नकाशे. चर्चमध्ये अजून सगळे त्याला जनरल गेज म्हणतात आणि त्याला उठून जागा देतात. तुझ्या सांधेदुखीवर मी सांगितलेला लेप लावतेस की नाही, ते तू लिहिलंच नाहीस, म्हणजे लावत नसणार. लहानपणापासून तू अशीच. मी सांगितलेलं ऐकायचं नाही आणि मी लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर मात्र विश्वास ठेवायचा. त्या विश्वासाबद्दलच आज लिहायला बसले आहे. खरं तर हे पत्र तेवीस वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा कागद चुलीत गेला.

तुला आठवत असेल, त्रेसष्टच्या हिवाळ्यात, दक्षिणेशी युद्ध चालू असताना, मी व्हर्जिनियात ऑरिनच्या छावणीवर होते. बाकीच्या अधिकाऱ्यांच्या बायका फेब्रुवारीअखेर आपापल्या घरी गेल्या. मी राहिले, कारण ऑरिन घोड्यावरून पडून त्याचा उजवा हात मोडला होता आणि दुसऱ्या कोणाचं अक्षर त्याला पसंत पडत नव्हतं. त्याचे हुकूम, अहवाल, वरच्यांना पाठवायची पत्रं, सगळं मी लिहायचे. मला त्या कामाचा अभिमान वाटत होता, हे तुझ्यापासून लपवत नाही. हॅलमसारख्या खेड्यातली मुलगी मी, आणि माझ्या हातच्या चार ओळींनी दीड हजार माणसं चालायला लागायची. आपल्या डोंगराकडची पलटण त्याच्याच ब्रिगेडमध्ये होती, त्यामुळे तुझा लायमन दर रविवारी जेवायला यायचा. आला की आधी माझ्या चुलीत डोकावायचा आणि म्हणायचा, “मावशी, जनरलसाहेबांच्या घरीही खारवलेलं डुकरच? मग आम्ही बिचाऱ्यांनी तक्रार कशाची करायची!” ऑरिनसमोर मात्र ताठ बसायचा. पलटणीतली पोरं त्याला चिडवायची, “लायमन, काकांना सांग ना, बूट मागव म्हणावं,” आणि तो म्हणायचा, “काकांचेच बूट फाटलेत, ते माझेच मागतायत.” एकोणीस वर्षांचं पोर ते, हिटी. हसताना तुझ्यासारखं डोकं मागे टाकायचं.

मार्चच्या मध्याला हुकूम आला की टॅनरचा ओढा ओलांडून पलीकडची टेकडी घ्यायची. पण जनरल रॅथबन तोफा घेऊन दुपारपर्यंत पोचेल, तोवर थांबायचं, असंही त्यात साफ लिहिलं होतं. तो कागद मी स्वतः ऑरिनला वाचून दाखवला. हा रॅथबन आदल्या वर्षापर्यंत ऑरिनच्या हाताखाली होता आणि नुकताच त्याच्या डोक्यावर जाऊन बसला होता. ऑरिनने ऐकलं, थोडा वेळ बोटांनी टेबल वाजवलं आणि म्हणाला, “म्हणजे टेकडी आम्ही घ्यायची आणि नाव रॅथबनच्या तोफांचं व्हायचं.” तेव्हाच मला कळलं की तो थांबणार नाही. त्याचा स्वभाव मला ठाऊक होता. लोक त्याला धाडसी म्हणत. मी त्याच्यासोबत वीस वर्षं संसार केला होता. त्याला भीती एकाच गोष्टीची होती, दुसरा कोणी आपल्यापुढे जाईल याची.

त्या दिवशी कर्नल पीझली आले होते. तुला पीझली आठवतात ना, आपल्या खालच्या आळीत ओढ्यावर लाकूड कापायची पाणचक्की होती ते. लढाईचं शिक्षण त्यांना नव्हतं, पण उभं आयुष्य पाण्याशेजारी गेलेलं. ते स्वतः ओढ्याच्या काठाने पोटावर सरपटत जाऊन पाहून आले होते, कोटाला पुढून सगळा चिखल होता. म्हणाले, “जनरलसाहेब, मार्च महिना आहे. आठ दिवस डोंगरावरचं बर्फ वितळतंय. आणि ओढ्यात गुडघाभरसुद्धा पाणी नाही. काठावर छातीइतक्या उंचीपर्यंत ओला पट्टा आहे, तोही ताजा. वर पाणचक्कीचा बंधारा आहे आणि तो त्यांच्या ताब्यात आहे. त्यांनी पाणी अडवून धरलंय. आपली अर्धी माणसं पार गेली की ते दारं उघडतील.” ऑरिन हसला. म्हणाला, “कर्नल, इथे आपल्याला लाकडं कापायची नाहीयेत.” खोलीतले दोन तरुण अधिकारीही हसले. पीझलींचा चेहरा लाल झाला, पण ते हटले नाहीत. म्हणाले, “साहेब, आपण एकदा स्वतः येऊन बघा. दोन मैलच आहे. बघितल्यावर आपण म्हणाल ते करीन.” ऑरिन गेला नाही. हात दुखतोय, घोड्यावर बसवत नाही, म्हणाला. नकाशावर त्या जागी पायी पार होता येतं अशी खूण होती, त्या खुणेवर त्याने बोट ठेवलं आणि मला म्हणाला, “लिही.” मी लिहिलं. सकाळी नऊला पीझलींची पलटण पुढे, बाकी दोन मागून. शाई वाळेपर्यंत पीझली टोपी हातात घेऊन माझ्याशेजारी उभे होते. कागद घेताना हळूच म्हणाले, “बाई, तुमचा भाचा पहिल्या तुकडीत आहे.” मी वर पाहिलं नाही.

सकाळी नऊला ते ओढ्यात उतरले. आम्ही होतो त्या घरातून काही दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. दहाला गोळीबार वाढला आणि मग एकाएकी एक वेगळाच आवाज आला, लांबून गाड्यांची रांग जावी तसा. अर्ध्या तासाने एक घोडेस्वार आला. पाणी सुटलं होतं. दोनशे साठ माणसं पलीकडच्या उंच काठाखाली अडकली होती, वर टेकडीवरून मारा चालू होता, आणि मधे ओढा छातीपर्यंत चढून धावत होता. आता तरी तो थांबेल असं मला वाटलं. त्याने दुसऱ्या पलटणीला त्याच जागी उतरायला सांगितलं. ती माणसं पाण्यात उभीच राहू शकली नाहीत. त्यांना परत आणून पुन्हा एकदा उतरवलं. त्या पलटणीचा मेजर स्वतः आला, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि दारातून ओरडला, “एकदा बघायला तरी या हो! एकदा!” ऑरिनने त्याला बाहेर काढायला लावलं.

एकच्या सुमाराला पीझलींची चिठ्ठी आली. ती घेऊन एक पोहणारा माणूस आला होता. तो दारात उभा राहिला तिथे पाण्याचं थारोळं झालं. चिठ्ठीत लिहिलं होतं की दोन्ही बाजूंनी तुटलो आहोत, काडतुसं संपत आली आहेत. रॅथबनच्या तोफा एव्हाना मैलावर आल्या असतील, त्यांनी टेकडीवर अर्धा तास मारा केला तर पाणी उतरतंय तशी माणसं दोराने परत आणता येतील. खरंच होतं ते, हिटी. तोफा मैलावर आल्या होत्या. रॅथबनचा माणूस सकाळपासून दोनदा विचारून गेला होता की मदत हवी का. फक्त हो म्हणायचं होतं. ऑरिन खिडकीशी गेला. म्हणाला, “रॅथबनकडे हात पसरू? आणि मग तो सगळीकडे सांगत फिरेल, गेजला मी बुडताना वाचवलं म्हणून.” मी म्हटलं, “ऑरिन, लायमन आहे तिकडे.” त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अगदी शांतपणे म्हणाला, “मग त्याच्यासाठी तरी नीट अक्षरात लिही.” आणि सांगितलं, “जागा धरून राहा. मदत येते आहे.” मी विचारलं, “कुठून येते आहे?” तो म्हणाला, “तू लिही.” मी लिहिलं. नीट अक्षरात लिहिलं. तो भिजलेला माणूस कागद टोपीत ठेवून परत गेला.

मदत कुठूनही येत नव्हती. तीनच्या सुमाराला रॅथबनने कोणाला न विचारता स्वतःच तोफा लावल्या, तेव्हा फार उशीर झाला होता. चारनंतर पलीकडून आवाज येणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दोनशे साठांतले एकाहत्तर परत आले. एका गवताच्या कोठारात जखमींना ठेवलं होतं. मी कंदील घेऊन तिथे रांगेने फिरले, प्रत्येकाचा चेहरा पाहिला. आपल्या हॅलमचे सात चेहरे मी ओळखले. त्यांच्यात लायमन नव्हता. एकाने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी ऑरिनने अहवाल सांगायला घेतला. बंधाऱ्याचा त्यात उल्लेखच नव्हता. पीझलींच्या पलटणीने हुकमाची वाट न पाहता, तोफा येण्याआधीच ओढा ओलांडला, आणि नंतर घाबरून फळी सोडली, त्यामुळे हल्ला फसला, असं त्याने मला सांगितलं. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “हे खरं नाही.” तो म्हणाला, “पीझली आता हयात नाही. त्याला याने काय फरक पडतो? मी हयात आहे. तुला माझं कोर्टमार्शल बघायचंय का?” मी बाहेर गेले आणि पंपाशी जाऊन तोंड धुतलं. परत आले आणि लिहिलं. घाबरून हा शब्द मी गाळला होता. त्याने वाचून घेतलं तेव्हा त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने तो शब्द माझ्याकडून पुन्हा घालून घेतला. चौकशी एका दुपारी आटोपली. पुढच्या वर्षी त्याला बढती मिळाली.

त्याच आठवड्यात मी तुला पत्र लिहिलं. लायमन पहिल्याच फैरीत गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही, असं त्यात मी लिहिलं. तू ते पत्र बायबलमध्ये ठेवलंस, आणि गावी परतलेल्यांपैकी कोणाला ते खोटं पाडायचा धीर झाला नसावा. दर मार्चमध्ये तू मला लिहितेस की डोशा, तुझ्या त्या एका ओळीवर मी जगले. तेवीस मार्च आले, तेवीस वेळा मी ते वाचलं. लायमन कसा गेला ते मला तेव्हा ठाऊकच नव्हतं, मी ते मनानेच रचलं होतं. खरं काय झालं ते आठ वर्षांनी कळलं. क्लॉसन नावाचा एक सार्जंट आमच्या दारात आला. त्याचं निवृत्तिवेतन अडलं होतं, ऑरिनची सही हवी होती. घाबरून पळालेल्या पलटणीतला म्हणून त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. ऑरिन त्याला भेटला नाही. मी त्याला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. मी कोण ते त्याला ठाऊक होतं. कप खाली ठेवून तो म्हणाला, “बाई, ते अक्षर तुमचं होतं ना?”

हिटी, लायमन पहिल्या फैरीत गेला नाही. तो साडेसहा तास त्या काठाखाली होता. सुरुवातीला पोरं त्याची खेचत होती, “काय रे, काकांनी चांगली जागा शोधली आपल्यासाठी!” आणि तो म्हणाला, “मासे धरायला पाठवलंय रे, गळ विसरले फक्त.” तो हसवत राहिला. एकच्या सुमाराला पीझलींच्या मांडीत गोळी लागली होती. लोक म्हणायला लागले की बंदुका टाकू, पांढरं फडकं दाखवू, निदान जिवंत राहू. पीझलीही तयार झाले होते. तेवढ्यात तो पोहणारा माणूस परत आला आणि चिठ्ठी हातोहात फिरली. कोणाचा विश्वास बसेना. क्लॉसन म्हणाला, “मी म्हटलं, हे वरचे लोक काय वाटेल ते लिहितात. तेव्हा तुमच्या भाच्याने कागद घेतला, पाहिला, आणि उभं राहून सगळ्यांना सांगितलं की हे माझ्या मावशीचं अक्षर आहे. मावशी मदत येतेय म्हणते, म्हणजे येतेच आहे. ती खोटं लिहिणारी बाई नाही. त्याने तसं सांगितलं म्हणून आम्ही थांबलो, बाई.” अडीच तास ते थांबले. त्या अडीच तासांत बहुतेक सगळे गेले. शेवटी लायमनने आणि क्लॉसनने एका फळीवर पीझलींना बांधलं आणि पाण्यात उतरले. मध्यावर फळी उलटली. लायमन त्यांना धरून होता, त्याने सोडलं नाही. क्लॉसन एकटा काठाला लागला. मी त्याला सही मिळवून देऊ शकले नाही. जाताना तो मला म्हणाला, “तुमच्यावर राग नाही. आम्हीच वाचून विश्वास ठेवला.” मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि ऑरिनचं काय, तर तो सुखी आहे. तो खोटं बोलतो असंही मी म्हणू शकत नाही, कारण आता ते त्याला खरं वाटतं. जेवणाच्या टेबलावर मिठाची भांडी मांडून तो पाहुण्यांना तो ओढा दाखवतो. पाणी त्यात नसतंच. पीझलींनी घाई केली नसती तर टेकडी दुपारपर्यंत हातात होती, म्हणतो. ऐकणारे माना डोलावतात. आता मी हे लिहीत असताना तो शेजारच्या खोलीत आहे. मघाशी त्याने हाक मारून विचारलं, “एवढं लांबलचक काय लिहितेस?” मी म्हटलं, हिटीला. तो म्हणाला, “माझा नमस्कार लिही. आणि लिही की लायमन फार चांगला पोरगा होता.” त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता.

तुझ्या पत्रात तू लिहिलं आहेस की ३० मे ला टॅनरच्या ओढ्यावर स्मारकाचा दगड उभा राहतोय म्हणून तू जाणार आहेस, हॅलमच्या आणखी पाच बायकांना घेऊन, दोन दिवस गाडीत बसून. लायमनचं नाव एकदा बोटाने चाचपून बघायचंय, असं लिहिलंस. हे पत्र त्यासाठीच आहे. हिटी, येऊ नकोस. दगडावर लढलेल्या पलटणींची आणि त्यांत पडलेल्यांची नावं आहेत. आपली पलटण त्यात नाही. मी मसुदा पाहिला तेव्हा ऑरिनला न सांगता स्मारक समितीकडे गेले. आता तुला सांगितलं ते सगळं तिथे सांगितलं. तिघे गृहस्थ होते, फार अदबीने वागले, मला खुर्ची दिली. त्यांनी कपाटातून मूळ अहवाल काढला आणि माझ्यापुढे ठेवून विचारलं, “बाई, हे अक्षर तुमचंच ना?” मी हो म्हटलं. मग आणखी काही विचारायचं कारण त्यांना उरलं नाही. एकाने मला जिना उतरायला हात दिला. त्या बायकांना काय सांगायचं ते तू ठरव, त्यांच्या मुलांबद्दल मला काहीच ठाऊक नाही. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तसा हक्क मला नाही, आणि तू केलंस तर ते मला सोसणार नाही. आता मार्चमध्ये मला पत्र लिहू नकोस. फक्त तिथे येऊ नकोस, कारण दगडावरचं कापड ऑरिनच्या हस्ते निघणार आहे. नंतर तो काठी टेकत रांगेतल्या प्रत्येक आईपाशी जाईल, डोळ्यांत पाणी आणून दोन्ही हात पुढे करील. आणि तू, मला माहीत आहे, ते हात हातात घेशील.

तुझीच,
डोशा